अँबॅसिडर मार्क ३ : ब्लॉकचा कोअर प्लग गळतोय, इंजिन न उतरवता बदलता येईल का?

मखमलाबादचा_मार्क३

नमस्कार मंडळी. गाडी अँबॅसिडर मार्क ३, १९७७ चं मॉडेल, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आजोबांची. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंत आणि चैत्रात वणीचा गड, एवढं तिचं जग होतं. आता ती माझ्या ताब्यात आहे. मला ती झाकून ठेवायची नाही, रविवारी तरी रस्त्यावर हवी आहे.

अडचण अशी की रेडिएटरमधलं पाणी हळूहळू कमी होतं. होज पाइप, क्लिपा, वॉटर पंप सगळं कोरडं. ऑइलमध्ये पाणी नाही, डिपस्टिक स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणून हेड गास्केटचा संशय सोडला. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूनं वाकून टॉर्च मारला. डायनॅमोच्या मागे ब्लॉकमध्ये जी गोल पत्र्याची टोपी ठोकलेली असते, म्हणजेच कोअर प्लग, तिच्या खालच्या कडेपासून थेट ऑइल चेंबरपर्यंत तांबूस ओघळ सुकलेला दिसला. कापडानं पुसला, गाडी गरम होऊ दिली. कडेला एक थेंब फुगला, खाली आला, मग दुसरा फुगला. इंजिन थंड असताना काही गळत नाही.

गाडी ज्या गॅरेजमध्ये जाते तिथे त्यांनी बाहेरून दोन भागांचं पुटीन मळून थापलं. शहरात ठीक चाललं. कसारा घाट चढताना काटा वर गेला, इगतपुरीला बोनेट उघडलं तर पुटीनची चकती सुटून लोंबत होती. आता तिथलेच म्हणतात इंजिन उतरवा. दुसऱ्या मिस्त्रींचं मत असं की एकच डमी (हाच प्लग) गळतोय, तेवढा ठोकून देतो. तिसरे म्हणतात वेल्डिंग मारून कायमचं बंद करून टाका, नाहीतरी हे प्लग बर्फाळ देशांसाठी असतात, आपल्याकडे कुठे पाणी गोठतंय.

मला हे काम स्वतःच्या हातानं करायचं आहे. पाने, जॅक, स्टँड, ड्रिल आहे. गाडी बाहेर घेऊन अंगणात काम करता येईल. इंजिन जागेवर ठेवून जमेल का? एक बदलू की सगळे? लोखंडी घेऊ की पितळी? आणि वेल्डिंगचं कितपत खरं आहे?

घाटवाला

सध्या गाडी हलवायची असेल तर रबरी प्लग मिळतो तो बसवा. दोन वायसरांच्या मध्ये रबर असतं, मधला नट आवळला की रबर फुगून भोक धरतं. हातोडी लागत नाही, पाच मिनिटांत बसतो. घरापर्यंत आणायला उत्तम, पण तो लावून घाटात जाऊ नका. गरम पाण्यानं रबर कडक होतं आणि एक दिवस सगळं पाणी एकदम सोडतं.

टूलरूम_सातपूर

मार्क३, तुमचं निरीक्षण चांगलं आहे. गरम झाल्यावर गळतं, थंड असताना नाही, यातच अर्धं उत्तर आलं. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर घराच्या मागे छोटं लेथ ठेवलंय आणि जुन्या इंजिनांचीच कामं करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण या कामात लोक घाई करतात ती नेमकी जिथे वेळ द्यायला हवा तिथे.

आधी वेल्डिंग. ते डोक्यातून काढून टाका. ब्लॉक बिडाचा आहे. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो. एका जागी एवढी उष्णता दिली की वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि गार होताना ताणानं तडकते. त्या भोकाच्या मागे पाण्याची पोकळी आणि लगेच सिलिंडरची भिंत आहे. शंभर रुपयांच्या पत्र्यासाठी आख्खा ब्लॉक पणाला लावायचा नाही.

बर्फाचं म्हणाल तर तो गैरसमज फार जुना आहे. ब्लॉक ओतताना आत पाण्याची वाट पोकळ राहावी म्हणून वाळूचा गाभा ठेवतात. तो गाभा साच्यात टेकू देऊन धरावा लागतो आणि ओतीव थंड झाल्यावर वाळू बाहेर काढावी लागते. त्यासाठी ही भोकं. नंतर ती मशीनवर गोल करून पत्र्यानं बंद करतात. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं आणि कधीकधी प्लग बाहेर फेकला जाऊन ब्लॉक वाचतो हे खरं, पण वाचेलच असं कोणी सांगू शकत नाही, बऱ्याचदा प्लग जागेवर राहतो आणि ब्लॉक फुटतो. आपल्याकडे निफाडला पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो तेवढाच. तुमचा प्लग थंडीनं गेलेला नाही. तो आतून गंजून गेलाय.

आणि आतून गंजला म्हणजे बाकीचेही गंजलेत. सगळे एकाच दिवशी बसवलेले, एकाच पाण्यात बुडालेले. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आतून पत्रा खाऊन कागद झालेला असतो. म्हणून बाजूचे सगळे बदला. एक बदलणाऱ्या मिस्त्रींना नमस्कार करा आणि पुढे चला. नवा प्लग घट्ट बसला, दाब पुन्हा पूर्ण धरू लागला, की शेजारचा कमजोर प्लग जातो. हे मी अनेक गाड्यांत पाहिलंय.

इंजिन उतरवायची गरज बहुतेक नाही. या इंजिनात एका बाजूला मॅनिफोल्ड आणि टॅपेटची झाकणं, दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, स्टार्टर. तुमचे प्लग या दुसऱ्या बाजूला आहेत. बॅटरी सोडा, डायनॅमो काढा, अडेल तर स्टार्टरही काढा, हात जायला जागा होते. अपवाद मागच्या टोकाचा. ब्लॉकच्या मागच्या अंगाचा प्लग फ्लायव्हीलच्या बाजूला झाकलेला असतो, तिथे पोचायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. तो गळतोय का हे ओळखायला गाडी गरम करून क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकापाशी पुठ्ठा ठेवा. कोरडा राहिला तर सध्या हात लावू नका. पण जेव्हा केव्हा क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा तो प्लग न विसरता बदला. मिस्त्री आठवण करून देणार नाहीत, तुम्ही द्या.

आता काम. पूर्ण थंड इंजिनावरच सुरुवात करा. रेडिएटरचा कॉक उघडा आणि ब्लॉकचा ड्रेन कॉकही. ब्लॉकचा कॉक उघडूनही पाणी आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. तोंडाशी गाळ बसलेला असतो. कॉक पूर्ण काढून तारेनं टोचा. तिथून पुढे काय दिसणार आहे त्याची कल्पना येईल.

प्लग दोन जातीचे असतात आणि काढण्याआधी तुमचा कोणता ते बघा. एक वाटीसारखा, उघडं तोंड बाहेर, भोक सरळ. दुसरा नुसती फुगीर चकती, तिच्यामागे भोकात पायरी असते आणि चकती त्या पायरीवर टेकते. या घराण्याच्या इंजिनात दोन्ही प्रकार पाहायला मिळतात, शिवाय मधल्या पन्नास वर्षांत कोणी काय बसवलंय सांगता येत नाही.

वाटी असेल तर बोथट पंच तिच्या तळाच्या एका कडेवर, भोकाच्या भिंतीच्या आत, ठेवून हलके ठोके द्या. वाटी एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येते, आडवी उभी राहते. मग पकडीनं धरून ओढा. जोरात मारायचं नाही याची दोन कारणं. वाटी आत पडली तर मासेमारी करावी लागते, आणि पंच निसटला तर सिलिंडरच्या भिंतीला लागतो. चकतीवाला असेल तर तो आत जाऊ शकत नाही कारण मागे पायरी आहे. त्याला मधोमध भोक पाडा, स्क्रू घाला, स्क्रूला धरून ओढा किंवा भोकातून जाड पेचकस घालून उचका. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली मर्यादित करा. पत्रा पार झाल्याचं हाताला कळतं, तिथे थांबायचं.

छन्नी वापरू नका. एका ओरखड्यानं भोकाची भिंत गेली की नवा प्लग कितीही चांगला आणा, गळणारच. पाणी अडवतो तो प्लग नाही, प्लगची कड आणि भोकाची भिंत यांच्यामधला गोल अडवतो.

प्लग निघाले की बसवायची घाई करू नका. इतकी मोठी भोकं पुन्हा उघडी मिळणार नाहीत. वाकवलेली तार, जुन्या स्पीडोमीटर केबलची आतली दोरी, लोहचुंबक, जे हाती येईल त्यानं आतला गाळ खरवडा आणि नळाच्या पाण्यानं उलटसुलट धुवा. सर्वात जास्त गाळ चौथ्या सिलिंडरजवळ, म्हणजे मागे आणि तळाशी. पंपापासून सगळ्यात लांब कोपरा, पाणी तिथे सगळ्यात सुस्त. तुमचा काटा घाटात वर जातो त्याचं खरं कारण तिथे सापडेल असा माझा अंदाज आहे.

भोकाची भिंत बारीक पॉलिश पेपरनं गोल फिरवत साफ करा. फक्त गंज आणि जुना सीलंट निघावा, धातू खाल्ला जाऊ नये. मग व्हर्निअर (व्यास मोजायचा कॅलिपर) लावा, दोन-तीन दिशांनी. हे इंजिन इंग्रजी मापांचं. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मि.मी., दीड इंच म्हणजे ३८.१, एक पूर्णांक पाच अष्टमांश म्हणजे ४१.२८. दुकानदार '४१ चा आहे, चालून जाईल' म्हणाला तर तो चालत नाही, तो हातानं आत जातो. वाटी भोकापेक्षा एक-दोन दशांश मि.मी. मोठी हवी, तीच तिची पकड. जुना प्लग नमुना म्हणून नेऊ नका, काढताना तो वाकलेला असतो. भोकाचं माप न्या.

ठोकायची डॉली, म्हणजे प्लग आत बसवायचा गोल दट्ट्या, मात्र लेथवरच बनवून घ्या. सातपूर-अंबडला कोणताही टर्नर तासाभरात करून देईल. सॉकेट उलटं धरून ठोकणारे बरेच आहेत, त्यातले बरेच नंतर पुन्हा काढतात. समजा भोक ४० मि.मी. आहे आणि वाटीचा आतला व्यास ३६ च्या आसपास, तर डॉलीचं तोंड ३५ चं, सपाट, कडा किंचित मारलेली. ती वाटीच्या आत जाऊन तळावर टेकली पाहिजे. वाटीच्या बाहेरच्या ओठाला तिचा स्पर्श होता कामा नये. ओठच पाणी धरतो, ओठावर मार बसला की तो आत दुमडतो. डॉलीची दांडी लांब ठेवा म्हणजे हातोडी बॉडीच्या पत्र्याला अडणार नाही. जागा कमी असल्यानं मोठा झोका मिळत नाही, त्यामुळे हलकी हातोडी जोरात मारण्यापेक्षा एक किलोची हातोडी छोट्या झोक्यानं वापरा.

भोक थिनरनं पुसून कोरडं करा, भिंतीला सीलंटचा पातळ हात फिरवा. वाटी सरळ टेकवा. पहिले दोन-तीन ठोके बघत बघत. एका बाजूनं आधी जाऊ लागली तर तिथेच थांबा, बाहेर काढा, नवी घ्या. तिरपी गेलेली वाटी ठोकून सरळ होते असं वाटतं, होत नाही. ओठ भोकाच्या उताराच्या किंचित आत जाईपर्यंत ठोका. आवाज बदलतो. त्याच्या पुढे नको.

फुगीर चकतीचं तंत्र वेगळं. पायरीवर सीलंट लावून चकती फुगीर बाजू बाहेर करून ठेवायची आणि मधोमध, तिच्या निम्म्या व्यासाच्या सपाट पंचानं एक-दोन खणखणीत ठोके. फुगा बसतो, चकती कडेला पसरते आणि भिंतीत रुतते. जवळपास सपाट झाली की पुरे. आणखी मारून आत खड्डा पाडला तर कड पुन्हा आकसते आणि सगळं सैल.

देवळाली_पद्मिनी

काकांनी लिहिलंय त्यात माझी थोडी भर. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे साध्या पाण्याचा त्रास तिला दुप्पट. मी माझ्या ब्लॉकमध्ये पितळी प्लग बसवले आणि पुन्हा बसवायची वेळ आली तर पितळीच घेईन. मार्क३ यांनी विचारलंय म्हणून कारणं देते.

पितळ गंजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते प्रसरण. एका अंशामागे बीड मीटरला साधारण ११ मायक्रॉन वाढतं, साधा लोखंडी पत्रा १२, पितळ १९ च्या आसपास. म्हणजे इंजिन गरम झालं की पितळी प्लग भोकापेक्षा जास्त फुगू पाहतो आणि घट्ट होतो. जेव्हा दाब सगळ्यात जास्त तेव्हाच पकड सगळ्यात जास्त. शिवाय पितळ मऊ आहे, भिंतीत बारीक खाचा असतील तर त्यात दबून बसतं.

स्टेनलेस मात्र मला सुचवावंसं वाटत नाही. गंजत नाही, पण कडक असतं, बसायला जास्त मार लागतो आणि अंगणात आडवं पडून तेवढा सरळ मार देता येत नाही.

आणखी एक विनंती, अगदी मनापासून. आधी गाडीत कूलंट असेल तर ते पाणी गटारात किंवा अंगणात सोडू नका. इथिलीन ग्लायकोल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. खाली परात ठेवा, डब्यात भरा, झाकण लावा. आमच्या कॉलनीत याच कारणानं एक पिल्लू गेलंय.

टूलरूम_सातपूर

ताई, पितळाबद्दल तुमचं गणित बरोबर आहे, फक्त एक अट घालतो. गरम होताना पितळ फुगतं तसं गार होताना जास्त आकसतं. त्यामुळे मुळातच सैल बसवलेला पितळी प्लग थंड इंजिनात गळतो. भोक नेमकं आणि माप नेमकं असेल तर पितळासारखं काही नाही. आणि पत्र्याची जाडी बघून घ्या. बाजारात अगदी पातळ पितळी वाट्याही येतात, डॉली लावली की तळ पोटात जातो. अंगठ्यानं तळ दाबून लवतोय असं वाटलं तर तो ठेवून द्या.

लोखंडी प्लगही वाईट नाही. पाण्यात कूलंट असेल तर तो कित्येक वर्षं टिकतो. प्लग मरतो तो साध्या पाण्यामुळे. आपला सगळा भाग काळ्या कातळाचा, बोअरचं पाणी क्षारांचं. ज्या पाण्यानं घरातल्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तेच पाणी आपण इंजिनात ओततो. नाशिकच्या द्वारका परिसरातल्या स्पेअरच्या दुकानांतून दोन्ही मागून बघा, आणि नाहीच मिळाले तर मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात माप सांगून मागवा.

कुत्र्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडून राहिलं होतं.

मखमलाबादचा_मार्क३

काका, ताई, घाटवालेदादा, सगळ्यांचे आभार. बाजूचे सगळे प्लग निघाले. वाटीवालेच होते. पुठ्ठ्याची परीक्षा केली, क्लच हाउसिंग कोरडं, त्यामुळे मागचा सोडलाय.

गळणारा प्लग हातात घेऊन आकाशाकडे धरला तर तळाशी टाचणीएवढी तीन छिद्रं दिसली. शेजारचा, जो बाहेरून अगदी ठणठणीत होता, त्याच्यात पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं तर आरपार गेलं. एकच बदलला असता तर काय झालं असतं ते कळलं.

पण खरा धक्का आत होता. चौथ्या सिलिंडरच्या बाजूला तार घातली तर ती बोटभर जाऊन अडली. गाळ भिजवलेल्या नाचणीच्या पिठासारखा, वरून मऊ, खाली घट्ट थर. खरवडत खरवडत काढला. त्यात बारीक काळे कण होते, ते चुंबकाला चिकटले नाहीत. ओतकामातली वाळू म्हणायची का ती? शेवटी पुढच्या भोकातून पाइप लावला आणि मागच्या भोकातून स्वच्छ पाण्याची धार आली. आधी तिथून नुसता ओलावा येत होता. ब्लॉकचा ड्रेन कॉकही आता वाहतो.

एक अडचण आहे म्हणून थांबलोय. गळणाऱ्या भोकाच्या खालच्या भागात, घड्याळातल्या सहाच्या जागी, भिंतीत खड्डे पडलेत. नख फिरवलं की अडकतं. बाकी भोकांच्या भिंती छान आहेत. मापं घेतली, तिन्ही दिशांनी सारखी येतात. खड्ड्यांचं काय करू? दुकानदार म्हणतो, सीलंट जाड लावा.

टूलरूम_सातपूर

काळे कण वाळूचेच असणार, थोडी कारखान्यातूनच राहून जाते. १९७७ पासून ती तिथेच बसून होती.

जाड सीलंट नको. जास्तीचा सीलंट प्लगच्या पुढे ढकलला जातो, आत पडतो आणि रेडिएटरच्या नळीत जाऊन अडकतो.

खड्डा किती खोल आहे त्यापेक्षा तो कुठून कुठे जातो हे बघा. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत सलग पट्टा असेल तर पाण्याला सरळ रस्ता मिळतो. मधेच सुटे खड्डे असतील आणि त्यांच्या मागे-पुढे तीन-चार मि.मी. चांगली भिंत असेल तर प्लगचा ओठ त्या चांगल्या भिंतीवर आणता येतो. अर्धा-एक मि.मी. कमी-जास्त खोल ठोकायचा, बस. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून बघा, सावलीत खड्ड्याची लांबी कळते.

सलग पट्टा असेल आणि खोली नखाला लागेल एवढीच, तर बेअरिंग घट्ट बसवायला वापरतात तो हिरवा रिटेनिंग कंपाउंड आणा. तो हवेत तसाच ओला राहतो, दोन धातूंच्या मध्ये हवा मिळाली नाही की घट्ट होतो. अट एकच, भिंतीला तेलाचा अंशही नको. थिनरनं पुसा, वाळू द्या, पुन्हा नव्या कापडानं पुसा. कापड पांढरं राहिलं पाहिजे. या भोकाला पितळी वाटी लावा, ताईंनी सांगितलंय त्याच कारणासाठी.

आणि खड्डा दोन दशांश मि.मी.हून खोल, तोही सलग, तर मात्र हे अंगणातलं काम नाही. भोक मोठं करून ओव्हरसाइज प्लग बसवावा लागेल, त्यासाठी ब्लॉक मशीनवर हवा. तसं निघालं तर मनाला लावून घेऊ नका, इंजिन उतरेल तेव्हा मागचाही प्लग आयताच बदलून होईल. पण तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

मखमलाबादचा_मार्क३

टॉर्च आडवा धरून बघितला. खड्डे सुटे आहेत, आतल्या बाजूला चांगली भिंत आहे. डॉली अंबडला टर्नरकडून करून आणली. त्यांनी स्वतःहून विचारलं, वाटीचा आतला व्यास किती, ओठाला लागायला नको ना. माणसाला काम कळतं.

सगळे पितळी बसवले. खराब भोकातला थोडा आत नेला. ठोकताना आवाज खरोखर बदलतो, तुम्ही लिहिलं नसतं तर मी पुढेही ठोकत राहिलो असतो. आता पाणी भरायच्या आधी विचारतो, लगेच चालू करू की थांबू? आणि किती कूलंट, किती पाणी? आमच्याकडे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकलेला आहे, गरम होते म्हणून कोणीतरी काढला होता.

टूलरूम_सातपूर

कंपाउंड आणि सीलंट रात्रभर वाळू द्या.

सकाळी आधी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर नुसतं भरा, कूलंट नको. गळालंच तर महागाचं कूलंट जमिनीवर जाणार नाही. हळूहळू ओता, वरचा होज हातानं दाबत राहा म्हणजे हवा निघते. इंजिन चालू करून काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत थांबा आणि प्रत्येक प्लगच्या खालच्या कडेला कोरडा कागद लावून बघा. बोटानं कळत नाही, कागदावर डाग पडतो. मग बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि गार असताना पुन्हा कागद लावा. पितळी आहेत म्हणून ही दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. कोणाकडे रेडिएटरचा दाब तपासायचा हातपंप असेल तर उत्तम, पण कॅपवर लिहिलाय त्याहून जास्त दाब देऊ नका.

कॅपही नवी घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच, उघडं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळायला जो काही अवधी मिळतो तो कॅपच्या दाबामुळे. गेलेल्या कॅपवर घाट चढायचा नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी गरम होत होती ती गाळामुळे, तो आता निघाला. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि सिलिंडर लवकर झिजतात. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून बघा, त्याच्यावर कोरलेल्या अंशाला तो उघडायला हवा.

दोन्ही परीक्षा पास झाल्या की हे पाणी सोडून द्या. ते गढूळ निघेल, कारण धुऊनही काही गाळ सुटा राहतो. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. साधं हिरवं कूलंट या इंजिनाला पुरतं, दोन वर्षांनी बदला. बाटलीवर 'तयार मिश्रण' लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका. दोन वेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नका, काही मिश्रणं घट्ट होऊन बसतात. पुढे पातळी कमी झाली तर नळाखाली बाटली धरायची नाही, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन डिकीत ठेवा.

देवळाली_पद्मिनी

आणि गढूळ पाणी सोडताना खाली परात!

मखमलाबादचा_मार्क३

परात ठेवलीय ताई. गरम असताना कागद कोरडा, गार झाल्यावरही कोरडा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, म्हणून साध्या डिस्टिल्डनं आणखी एकदा धुतलं आणि मगच कूलंट भरलं. थर्मोस्टॅट पातेल्यात ८२ ला उघडला, त्याच्यावरही तेच कोरलंय. डॉली माझ्याकडेच आहे, नाशिकमध्ये कोणाच्या अँबॅसिडरला लागली तर मेसेज करा, मापं जुळली तर घेऊन जा.